जिभेचा डावा काठ

२२ जानेवारी, बुधवार
रिपोर्ट आला. सर्जन हसले म्हणून मीही हसलो. जिभेच्या डाव्या काठावरची गाठ पूर्ण निघाली. मानेतनं काढलेल्या गाठींत काही नाही. कॅन्सर पहिल्या टप्प्यातलाच आहे. "सुटलात फौजी," म्हणाले. बायको, सुमन, बाहेर जाऊन रडून आली.

मग म्हणाले, एका बाजूची कड जरा जवळ आली आहे. म्हणजे गाठीभोवती जेवढं चांगलं मांस घ्यायचं असतं, तेवढं त्या बाजूला मिळालं नाही. "रेडिएशनच्या मॅडमना एकदा भेटून घ्या."

सुटलो, तर भेटायचं कशाला? विचारायचं होतं. पण जीभ अजून दुसऱ्या कुणाची तरी तोंडात ठेवल्यासारखी. पाटीवर लिहीपर्यंत सर्जन पुढच्या पेशंटकडे.

२४ जानेवारी, शुक्रवार
सांगलीतच. रेडिएशनच्या मॅडम. वयानं आमच्या मनीषाएवढ्या असतील. कागदावर जीभ काढून दाखवली, पेन्सिलीनं कड काढली. तुमची केस रेषेवर आहे म्हणाल्या. किरणं घेतली तर परत यायची शक्यता कमी होते. पण लाळ आटते, चव जाते, जबडा आखडतो. काही परत येतं, काही येत नाही. न घेतली तर दर महिन्याला येऊन तोंड दाखवायचं आणि लक्ष ठेवायचं.
"मग काय करायचं?" सु. नं विचारलं.
"दोन्ही चालण्यासारखं आहे. माझा कल घेण्याकडे आहे, पण थोडाच. ठरवायचं तुम्ही."

पलटणीत सतरा वर्षं हुकूम ऐकले. एकदाही कुणी म्हणालं नाही की दोन्ही चालण्यासारखं आहे, हवालदार, तुम्ही ठरवा.

२६ जानेवारी, रविवार
गावी. शाळेत झेंडावंदनाला दरवर्षी माइक माझ्याकडे असतो. गेलो नाही. घरात आवाज ऐकू येत होता, गुरुजीच बोलत होते.

दुपारपर्यंत माणसं येऊन गेली. प्रत्येकाचा प्रश्न तोच: "तंबाखू खात हुता का?" सीमेवर होतो तेव्हा खात होतो, सगळेच खायचे. पेन्शन घेऊन आलो तेव्हाच सोडली. सर्जनना विचारलं होतं. म्हणाले तंबाखू असेल, जिभेला घासणारा तो तुटका दातही असेल, काही सांगता येत नाही. मी पाटीवर "दात" एवढंच लिहितो. लोक वाचतात आणि माझ्याकडे बघत राहतात.

संभा आला. माझ्यामागनं कुस्तीच्या मैदानात फिरून फिरून निवेदन शिकला, आता चांगला तयार झालाय. पाया पडला. कुस्त्यांची मैदानं सुरू होतायत, चार गावांनी मला निवेदनाची सुपारी दिली होती. "आण्णा, त्यास्नी काय सांगू?" मी हात हलवला. थांब म्हणून. तो "बरं, न्हाई म्हणतो" म्हणाला आणि गेला.

२८ जानेवारी, मंगळवार
सातारा. पलटणीतल्या मित्राच्या ओळखीचे डॉक्टर, म्हातारे, कॅन्सरचंच बघतात. रिपोर्ट दोनदा वाचला. चष्मा काढून म्हणाले, नको. एवढ्याशा कडेसाठी अख्खं तोंड भाजून घेऊ नका. आणि एकदा किरणं दिली की त्याच जागी परत द्यायची वेळ आली तर अवघड होतं. ते शिल्लक ठेवा.

पटलं. जिना उतरताना एकदम पटलं. एसटीत बसल्यावर वाटलं, "परत द्यायची वेळ आली तर" म्हणजे त्यांनाही ती येईल असं वाटतंय.

सु. खिडकीतनं बाहेर बघत होती. कऱ्हाड आल्यावर म्हणाली, "तिथं एक ऐकलं, हितं एक ऐकलं. तिसऱ्याकडं जाऊ नका आता. तिसरा तिसरंच सांगल."

३० जानेवारी, गुरुवार
मनीषाचा फलटणहून फोन. लेक माझी, पण बोलते डॉक्टरसारखं. मोबाईलवर सगळं वाचलंय तिनं. "घ्या पप्पा." संध्याकाळी परत फोन. "पप्पा, अजून वाचलं. घाई करू नका." सु. नं फोन घेतला नि म्हणाली, "तू आता वाचू नको."

आरशासमोर सराव. ल, र, ळ, ट, स. स चा त होतो. सुमनची तुमन झाली. तीन वेळा हाक मारली, तिसऱ्यांदा ओ दिली. कळून दिली की दया येऊन, माहीत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार
सांगली. नाही म्हणून सांगायचं ठरवून गेलो होतो. वाटेत तसं सु. लाही खुणेनं सांगितलं, तीही बरं म्हणाली.

मॅडमनी ऐकून घेतलं. साताऱ्याच्या डॉक्टरांचं चुकलंय असं म्हणाल्या नाहीत. त्यांचं म्हणणंही बरोबर आहे म्हणाल्या. मग सु. नं मधेच विचारलं, "ताई, राग मानू नका. तुमचे मालक असते तर?"

मॅडमनी पेन उघडलं, बंद केलं. "माझा नवरा असता तर मीपण अशीच गोंधळले असते हो. आणि बहुतेक घ्यायला लावलं असतं. आणि मग रोज वाटलं असतं, उगाच लावलं."

सही केली.

का केली? येताना एसटीत हेच चाललं होतं डोक्यात. त्या बाईला ठासून सांगता आलं असतं, आमच्यासारख्यांना तेच ऐकायचं असतं. सांगितलं नाही. म्हणून केली असेल. किंवा परत सगळं पहिल्यापासनं सुरू व्हायला नको म्हणून.

सु. घरी आल्यावर म्हणाली, "तुमी न्हाई म्हणणार हुता न्हवं?"

३ फेब्रुवारी, सोमवार
किरणांच्या आधी खराब दात काढावे लागतात, नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून येत नाही. डावीकडचे तीन काढले. त्यात तो घासणारा पण गेला. हातात मागून घेतला. बारीकसा, कडेला टवका उडालेला. ह्यानं केलं? काही केलंय असं वाटत नव्हतं त्याच्याकडे बघून.

१० फेब्रुवारी, सोमवार
मुखवटा. जाळीची पांढरी शीट गरम पाण्यातनं काढतात नि चेहऱ्यावर, खांद्यापर्यंत ओढून बसवतात. उबदार होती, बरं वाटलं. मग थंड होत आवळली. कडेच्या खिट्ट्या खालच्या फळीत बसल्या, खटखट. डोळे उघडता येईनात. पाठ फळीला, खांदे फळीला.

अठरा वर्षांचा असल्यापासून कुस्तीत एकच शिकलोय, पाठ टेकू द्यायची नाही. हात वर केला. आतला पोरगेला टेक्निशियन धावत आला, खिट्ट्या काढल्या. "काय झालं काका?" परत झोपलो.

कुस्ती गमावल्यावर आपणहून परत आडवं व्हायला कुणी सांगत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार
सुरू. सहा आठवडे, शनिवार-रविवार सुट्टी. दवाखान्याच्या मागं खोली घेतली, एक कॉट, एक शेगडी. डाळिंबाची बाग चुलतभावावर टाकून आलोय.

काहीच झालं नाही. मशीन डोक्याभोवती फिरलं, घूं आवाज आला, संपलं. दुखलं नाही, भाजलं नाही. सु. बाहेर ताटकळत उभी. "झालं?" झालं. "मग काय केलं त्यांनी?" तेच मला कळलं नव्हतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
काल रात्रीपर्यंत चव होती. सकाळी चहा तोंडात घेतला आणि चुन्याचं पाणी. दुसरा करून दिला, तोही तसाच. साखर नुसती खाल्ली. वाळू.

सु. ला वाटलं दूध नासलं. तिनं पिऊन बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग बाकीचा चहा मुकाट्यानं पिऊन टाकला.

३ मार्च, सोमवार
वेटिंगमध्ये आमच्या आधी एक बाई असतात. जतच्या पुढच्या, पार कर्नाटकाच्या कडेच्या. सगळे आक्का म्हणतात. गालाच्या आतलं काढलंय, चेहरा एका बाजूला ओढलाय, त्यावर पदर. एकट्या येतात, रोज बसनं. कानडी वळणाचं मराठी आणि त्यात माझ्यासारखंच बोबडं. पण मला त्यांचं सगळं कळतं, त्यांना माझं. सु. म्हणते, तुमी दोघं बोलायला लागला की मला येड्यागत हुतंय.

आज आक्का म्हणाल्या, "उद्यापास्नं येत न्हाई री अण्णा. शाळू काढायला आलाय. रान मोकळं सोडून हितं काय झोपायचं."
मी म्हणालो, मधेच सोडायचं नसतं. सोडलं तर झालेलंही वाया जातं. हे मॅडमचं वाक्य, मला त्यांनीच शुक्रवारी ऐकवलं होतं, कारण मीच विचारलं होतं की आता थांबलं तर काय होईल. बोलता बोलता लाळ गळली. आक्कांनी आपल्या पदरानं आपलंच तोंड पुसलं नि हसल्या. "तुमी सोडनार न्हाई व्हय?"
नाही म्हणालो. का म्हणालो? खोलीवरनं निघताना सु. ला मी सांगून आलो होतो की बास झालं.

४ मार्च, मंगळवार
आक्का आल्या. का आलात विचारलं तर म्हणाल्या, बस लवकर घावली.

११ मार्च, मंगळवार
तोंडात फोड आलेत, वरती, जिभेखाली, घशापर्यंत. पाणीसुद्धा चिरत जातं. मान डावीकडे काळी पडली, कातडं निघतंय. बोलणं बंद. परत पाटी, पण आता लिहायचाही कंटाळा.

संभाचा फोन. सु. नं स्पीकरवर टाकला. आपल्या गावचं मैदान रविवारी. यंदा पहिल्यांदा तो एकटा करणार. थोडं इकडचं तिकडचं बोलला. मग, "आण्णा, एक इचारायचं हुतं. सुरवातीला तुमी जे म्हणता, मातीला नमस्कार, वस्तादांची नावं, ते बोल... ते म्हणू का मी? लोकास्नी सवय हाय त्याची. न्हाई तर माझं माझं काय तरी जुळवतो."

ते बोल माझे आहेत. कुठं छापलेले नाहीत. एकेक ओळ मैदानात उभं राहून जुळत गेली, एवढ्या वर्षांत. ते गेले तर माझ्याकडे काय राहतं? मान हलवली. नको.

सु. माझ्याकडे बघत होती. फोनमध्ये म्हणाली, "म्हण म्हणत्यात."
संभा म्हणाला, "पाया पडतो म्हणावं." ठेवला.

पाटीवर लिहिलं: मी नाही म्हणालो होतो.
"मला व्हय वाटलं," म्हणाली आणि शेगडीकडे वळली.

१२ मार्च, बुधवार
सु. शी बोललो नाही. तसाही बोलत नाहीच, त्यामुळे तिला कळलं की नाही कोण जाणे.

१४ मार्च, शुक्रवार
वजन उतरलंय. मॅडम म्हणाल्या अजून घसरलं तर नाकातनं नळी. सु. दिवसभर चमचा घेऊन मागं. नाचणीची आंबील, पातळ कण्या, ताक, अंडं कुस्करून. गिळताना डोळ्यांत पाणी येतं, ती तिकडे तोंड फिरवते आणि चमचा मात्र बरोबर माझ्या तोंडाशी धरते.

राग आहे अजून. पण चमचा आला की तोंड उघडतो. राग धरायचा म्हणजे काय करायचं असतं अशा वेळी?

१६ मार्च, रविवार
संभानं मोबाईलवर मैदान लाइव्ह लावलं. सु. नं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून कॉटवर ठेवला. हलगी, धूळ, ओळखीचे फेटे. संभा माइक घेऊन उभा. माझेच बोल. एक ओळ विसरला, दोन ओळी उलट्यापालट्या. मी ओठ हलवून दुरुस्त करत होतो, फोडांवरनं.

मग माझं नाव घेतलं. आण्णा आज दवाखान्यात हायत, पण बोल त्यांचा हाय, म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेलेल्या माणसासाठी वाजवतात तशा वाटल्या, मग वाटलं नाही, तशा नाहीत.

सु. म्हणाली, "बरं म्हणालाय न्हवं?"
मान हलवली. कशी हलवली मलाच आठवत नाही.

२० मार्च, गुरुवार
आक्कांचं आज संपलं. मशीनमधनं बाहेर आल्या, मुखवटा काखेत धरून. दवाखान्यात ठेवून काय करू, शाळूच्या रानात बुजगावण्याला घालते म्हणाल्या. हसायला गेलो आणि ओठ फाटला.
त्या गेल्यावर वेटिंगमध्ये बसवेना. ज्यांच्याशी बोलता येत होतं असं एकच माणूस.

२८ मार्च, शुक्रवार
माझंही संपलं. टेक्निशियननं हात मिळवला. मॅडम म्हणाल्या पुढचे दोन-तीन आठवडे अजून त्रास वाढेल, मग उतरेल. संपल्यावर वाढणार, हे आधी सांगितलं असेल तर ध्यानात नाही.
मुखवटा घेऊन जाता का विचारलं. नको म्हणालो.

सु. नं खोली झाडून दिली मालकिणीला. निघताना कॉटच्या खाली वाकून बघत होती. काय राहिलं? "काय न्हाई. बघितलं."

१२ एप्रिल, शनिवार
गावी. यात्रा लागोपाठ. कुठनं ना कुठनं हलगी ऐकू येते. ओसरीवर बसून असतो, ओठांना तूप लावून. फोड बसतायत. लाळ मात्र नाही, पाण्याची बाटली हातातनं सुटत नाही. भाकरी दुधात भिजवून भिजवून, चव अर्धीमुर्धी. आंबट कळतं, गोड नाही.

माणसं विचारतात, "आता बरं हाय न्हवं?" सु. म्हणते, हाय. मी त्याच वेळी खांदे उडवतो. माणूस दोघांकडे बघतो.

२० मे, मंगळवार
सांगली. तोंडात बॅटरी मारून बघितलं. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या, मग सर्जनना बोलावलं. टाक्यांच्या मागं पांढरा डाग आहे.
सर्जन म्हणाले, किरणांनी असं होतं, काळजीचं वाटत नाही. मॅडम म्हणाल्या, मलाही तसंच वाटतं, पण हात लावल्यावर कडक लागतंय. आता तपासायला तुकडा काढला तर किरणांनी दुखावलेली जागा भरायला वेळ लागेल. दोन आठवडे बघू. नाही गेला तर तुकडा.
"म्हंजी हाय का न्हाई?" सु. नं विचारलं.
दोघंही एकदमच बोलायला लागले आणि एकदमच थांबले.

एसटीत सु. झोपली. खांद्यावर डोकं. मला वाटायला लागलं, साताऱ्याच्या म्हाताऱ्यांचं ऐकायला हवं होतं. मग वाटलं, ऐकलं असतं नि हाच डाग आला असता, तर मॅडमचं ऐकायला हवं होतं असं वाटलं असतं. जीभ त्या जागी जात राहते. ज्या जागेला हात लावू नका म्हणतात तिथंच.

३१ मे, शनिवार
संभा गाडी घेऊन आला. शेजारच्या गावात पावसाआधीचं शेवटचं मैदान, बारकं. "नुसतं बसा आण्णा." सु. नं दोन बाटल्या पाणी दिलं आणि सांगितलं, बोलायला लावू नको त्यास्नी.

स्टेजवर खुर्ची. ओळखीची माणसं पाया पडून गेली. कुणी आवाजाचं विचारलं नाही, बरं वाटलं, मग नाही वाटलं.

चौथी-पाचवी कुस्ती लावायची होती. संभाचं पंचांशी काही तरी चाललं होतं, माइक माझ्या मांडीवर टाकून तो खाली उतरला. दोन पोरं कडेला लंगोट आवळून उभी. आखाडा रिकामा. हलगीवाला माझ्याकडे बघतोय. चिठ्ठीवर नावं.

पाणी प्यालो. माइक उचलला. एक नाव वाचलं, गाव वाचलं. दुसरं नाव, गाव. स्पीकरमधनं जे आलं ते मला स्वतःला ओळखू आलं नाही. र नाही, ळ नाही, स चा त. लोक हसणार असं वाटलं. कुणी हसलं नाही. त्याचं काय करायचं तेही कळेना.

दोन्ही पोरं आत आली. माती उचलली, अंगाला लावली, हात मिळवला. हलगी सुरू झाली.

संभा पळत आला, माइक घेतला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून पुढचं बोलत राहिला. कुस्ती चांगली झाली. उंच पोरानं शेवटी पट काढून मारली.

निघताना ते हरलेलं पोरगं बाटलीतनं तोंडावर पाणी मारत होतं. थांबवलं. "नाव कळलं का तुला, मी पुकारलेलं?" दोनदा विचारावं लागलं.
जरा लाजलं. "खरं सांगू का आण्णा, न्हाई कळलं. पण तुमी आमच्याकडं बघत हुता. मग आमचंच असणार म्हणून आलो."

घरी आल्यावर सु. नं विचारलं, कसं झालं. ठीक म्हणालो. "बोलला न्हाई न्हवं?" पाणी पीत राहिलो.

मंगळवारी सांगली. तिनं पिशवी भरायला घेतली आहे. तुकडा काढला तर राहावं लागेल म्हणून दोन कपडे जादा टाकले, मग एक बाहेर काढला, आता परत टाकते आहे.